साहेबाचे ओटे आणि थरथरती हवा

विजयदुर्गावरच्या ‘साहेबाच्या ओट्यां’पाशी उभे राहून ‘हेलियमचा शोध इथेच लागला’ असे मी रत्नागिरीच्या मुलांना कित्येक सहलींत सांगितले. ते चूक होते. १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास ग्रहणाच्या दिवशी नॉर्मन लॉकियर इंग्लंडात होता; भारतात गुंटूरला ग्रहण पाहत होता तो फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेन. लॉकियर विजयदुर्गाला आला २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणासाठी. ‘मेल्पोमिनी’ युद्धनौकेचे खलाशी त्याच्या दिमतीला होते आणि किल्ला तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होता. पण हेलियम १८९५मध्येच रॅम्झेला प्रयोगशाळेत सापडला होता.

ही चूक दुरुस्त करायला बसलो आणि हवेतच अडकलो. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळा एरवी दिसत नाहीत, कारण हवेत विखुरलेला उजेड त्यांना झाकतो. म्हणून तर साहेब दोन मिनिटांच्या अंधारासाठी सातासमुद्रापलीकडून येत. जान्सेनने ग्रहणाच्या दुसऱ्याच दिवशी आणि लॉकियरने २० ऑक्टोबरला, एकमेकांना नकळत, यावर तोड काढली. वर्णपटदर्शकात आकाशाचा उजेड पसरून फिका होतो. ज्वाळांच्या रेषा मात्र जागच्या जागी लखलखीत राहतात. ग्रहणाची वाट पाहण्याची गरज संपली. दोघांची पत्रे पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी वाचली गेली, आणि पुढे दोघांचे चेहरे एकाच पदकावर कोरले गेले. मला तरी हा शोध हेलियमइतकाच मोठा वाटतो.

हवेचा उजेड असा हटला, थरथर राहिली. पऱ्याच्या वाहत्या पाण्यातून तळाचे दगड हलताना दिसतात, तसेच हवेतून तारे. कितीही मोठी दुर्बीण घ्या, साध्या हवेत ती वीतभर भिंगाच्या दुर्बिणीइतकाच बारकावा दाखवते. प्रकाश तेवढा जास्त गोळा करते. न्यूटनने यावर उंच डोंगरावरची शांत हवा हाच उपाय सांगितला होता. आमच्या समुद्रसपाटीच्या कोकणाला त्याचा काय उपयोग!

वेगळा उपाय १९५३मध्ये सुचवला होरेस बॅबकॉकने. तोही सूर्याचाच अभ्यासक. हवेने वाकवलेली प्रकाशलहर मोजायची आणि आरसाच उलट वाकवायचा. त्याच्या कल्पनेतल्या आरशावर तेलाचा पातळ थर होता, इलेक्ट्रॉनांच्या झोताने आकार बदलणारा. तो बांधणे त्या काळच्या यंत्रांना झेपणारे नव्हते. पुढे हे काम अमेरिकी लष्कराच्या गुप्त कपाटात गेले आणि १९९१मध्ये खगोलशास्त्रज्ञांना खुले झाले.

त्या धाग्याचे एक टोक पुण्यात सापडते. ‘आयुका’ आणि कॅलटेक यांच्या सहकार्यातून ‘रोबो-एओ’ हे यंत्र उभे राहिले. २०११पासून ते कॅलिफोर्नियात पालोमारच्या दीड मीटरच्या दुर्बिणीवर चालले. आयुकाकडून या प्रकल्पात ए. एन. रामप्रकाश होते. तपासायला तेजस्वी तारा हाताशी नसतो, म्हणून यंत्र स्वतःचा तारा तयार करते. डोळ्यांना न दिसणारा अतिनील लेझर वर सोडायचा, सुमारे दहा किलोमीटरवरच्या हवेतून परतणारा त्याचा अंधुक उजेड टिपायचा, आणि त्यावरून नखाएवढ्या आरशाच्या पाठीमागचे शंभरावर सूक्ष्म दट्टे सेकंदाला हजाराहून अधिक वेळा पुढेमागे करायचे. हे सगळे माणसाने रात्रभर दुर्बिणीशी न बसता.

गेल्या सहलीत मी मुलांना ओट्यांवर बसवून हेच सांगितले. एक मुलगी म्हणाली, “सर, म्हणजे साहेब ज्या हवेला कंटाळला, तिच्यातूनच यांनी तारा काढला?” मी हो म्हणालो. मग बस सुटायची वेळ झाली.