कतरणीची कुळकथा

क्विलिंगचं, म्हणजे कागदाच्या पट्ट्या गुंडाळून केलेल्या नक्षीचं शुभेच्छापत्र करायचं ठरलं की आधी स्टेशनरीच्या दुकानात जाऊन रंगीत पट्ट्यांचं पाकीट आणायचं, अशी आता रीतच पडली आहे. नगरला, संगमनेरला, श्रीरामपूरला, कुठेही हेच. पाकीट वाईट नसतं. पण ज्या कलेचा जन्मच उरलेल्या कागदावर झाला, तिच्यासाठी नवा कागद विकत आणावा लागतो याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पंधराव्या-सोळाव्या शतकात युरोपातल्या ख्रिस्ती मठांमध्ये, विशेषतः फ्रान्स आणि इटलीत, जोगिणी संतांचे अवशेष जपण्याच्या पेट्या सजवत. श्रीमंत चर्चकडे अशा पेट्या सोन्याचांदीच्या तारकामाच्या असत. ते परवडत नसे, म्हणून जोगिणींनी कागद हाती घेतला. पुस्तक बांधताना पानांच्या कडा छाटतात आणि धर्मग्रंथांच्या कडांना तर सोनेरी मुलामा असे. त्या छाटलेल्या पट्ट्या पिसाच्या दांडीवर गुंडाळून त्यांनी नक्षी भरली, असं या कलेचं कूळ सांगितलं जातं. पिसाच्या त्या दांडीवरूनच पुढे इंग्रजीत तिला क्विलिंग हे नाव पडलं.

यातली खुबी क्विलिंग केलेल्या माणसाच्या चटकन लक्षात येईल. पट्टी कार्डावर आडवी चिकटत नाही, ती कडेवर उभी राहते. बघणाऱ्याला दिसते ती फक्त कागदाची जाडी, म्हणजे केसाएवढी रेघ. ती कड सोनेरी असेल तर मेणबत्तीच्या उजेडात कागदाची गुंडी सोन्याच्या तारेसारखी चमकणारच. फेकून द्यायच्या कागदाची सोनेरी बाजू नेमकी वर आणायची, ही अक्कल त्या जोगिणींची. या कलेचा आत्मा मला तिथेच दिसतो.

कागद आपल्याकडेही होता. तिकडे हे चाललं होतं त्याच सुमारास, पंधराव्या शतकाच्या अखेरीस, इकडे निजामशाही स्थापणाऱ्या मलिक अहमदने नगर वसवलं. त्याआधी त्याचं ठाणं जुन्नरला होतं आणि १४९९ मध्ये दौलताबादही त्याच्याकडे आलं. हातकागदासाठी महाराष्ट्रात नावाजलेली गावं म्हणजे जुन्नर आणि दौलताबादजवळचं कागजीपुरा. ही दोन्ही एकेकाळी नगरच्या निजामशाहीतली. चिंध्या कुटून लगदा करायचा, तो पाण्यात कालवून चाळणीवर उचलायचा, वाळलेल्या तावाला खळ लावायची आणि दगडाने घोटून गुळगुळीत करायचा, असा तो कागद. जुन्नरी आणि दौलताबादी कागदावर पेशवाईतली दफ्तरं लिहिली गेली. आजही पुण्यातल्या शिवाजीनगरला १९४० मध्ये सुरू झालेल्या हातकागद संस्थेत सुती चिंध्यांपासून कागद होतो. त्या संस्थेमागे गांधीजींची प्रेरणा आणि के. बी. जोशींची मेहनत होती.

अठराव्या शतकात क्विलिंगची कला मठातून इंग्लंडच्या दिवाणखान्यात गेली. तेव्हा चहा महाग होता, कुलपात ठेवायचा. चहाच्या लाकडी डब्या सुतार मुद्दाम खोलगट बाजूंच्या करून विकत आणि त्या खोलगट जागेत घरच्या लेकीसुना कागदाच्या गुंड्या भरत. १७८६ मध्ये ‘न्यू लेडीज मॅगझिन’ने यासाठी नमुने छापले. तिसऱ्या जॉर्ज राजाची मुलगी एलिझाबेथही हे काम करत असे. जेन ऑस्टिनच्या १८११ च्या ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’त एक पात्र दुसरीला टोपलीसाठी कागद गुंडाळून द्यायला बसतं. एकोणिसाव्या शतकात हा छंद मागे पडला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो पुन्हा उठला आणि १९८३ मध्ये इंग्लंडात क्विलिंग करणाऱ्यांची संघटनाही उभी राहिली.

शुभेच्छापत्राचं कूळ वेगळं. इंग्लंडात १८४० मध्ये एका पेनीत पत्र जाऊ लागलं आणि १८४३ च्या नाताळात हेन्री कोल यांनी जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून चित्र काढून घेऊन छापील कार्ड विकायला ठेवलं, किंमत एक शिलिंग. पुढे आपल्याकडे दिवाळीची कार्डं आली आणि संक्रांतीची खास मराठी कार्डंही आली. पाकिटात चिमूटभर हलवा घालून पोस्टाने पाठवलेलं ते रंगीत कार्ड ज्यांच्या घरी आलं आहे, त्यांना त्याची गोडी वेगळी सांगायला नको. क्विलिंग रुखवतात मिरवतं, झुमक्यांत डोलतं, पण मला विचाराल तर त्याची खरी जागा अशा कार्डावरच आहे. कारण कार्ड कोणाला तरी द्यायचं असतं आणि गुंडी वळताना तो माणूस डोळ्यांसमोर असतो.

आता कागदाचं. गिरणीच्या कागदात तंतू बहुतेक एकाच दिशेने लोळलेले असतात, म्हणून तो एका बाजूने सहज वळतो आणि दुसऱ्या बाजूने अडतो. हाताने उचललेल्या तावात तंतू चहूकडे पसरतात, तिथे हा त्रास फारसा नाही. म्हणून कापण्याआधी ताव दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघावा. ज्या बाजूने तो बिनतक्रार वळतो, त्या बाजूने पट्टीची लांबी ठेवावी. नाहीतर गुंडी गोल न होता कोनाकोनाची होते आणि आपण उगाच आपल्या हाताला दोष देतो. चकचकीत आर्ट पेपर वळताना वरच्या थराला चिरतो. साधा मॅपलिथो किंवा रंगीत कागद, शंभर ते सव्वाशे जीएसएमचा, सगळ्यांत गुणी. चीर असलेल्या टूलने वळणं सोपं जातं, पण मध्यभागी छोटा मोड राहतो. बारीक फुलाला साधी सुईच बरी.

कार्डासाठी पट्टी साधारण ३ मिलिमीटर रुंद लागते. छापखान्यात रंग कडेपर्यंत जावा म्हणून चित्र बाहेर वाढवतात तेही साधारण ३ मिलिमीटरच, आणि छापून झाल्यावर तेवढी कड कटिंग मशीनवर उडते. लग्नपत्रिकांच्या हंगामात अशी लाल, पिवळी, केशरी रंग लागलेली कतरण पोत्यांनी निघते आणि रद्दीत जाते.

तेव्हा या वर्षी संक्रांतीचं कार्ड करणार असाल तर आधी तुमच्या तालुक्याच्या गावातल्या छापखान्यात जा. कटिंग करणाऱ्याला सांगा की साध्या कागदाची लांब, सरळ कतरण चुरगळू न देता बाजूला ठेवा. रंग लागलेली कड वर येईल अशी पट्टी वळवा. आणि कार्ड पोस्टाने धाडणार असाल तर वर एक जाड पुठ्ठा घालायला विसरू नका, कारण शिक्का मारणाऱ्याला आत फूल आहे हे ठाऊक नसतं.