तंजावरच्या वाड्याची वाटणी

कावेरीकाठी मराठ्यांचे राज्य कसे उभे राहिले, हे आपल्या घराघरांत ठाऊक आहे. त्या राज्याचा शेवटचा धनी डोळे मिटून गेल्यावर त्याच्या चीजवस्तूंचे काय झाले, ही कथा मात्र कायद्याच्या जाडजूड निवाडेसंग्रहांत पडून राहिली आहे. मूळ मुलखापासून दूर राहणाऱ्या आम्हां मंडळींनी ती जाणून घ्यावी, असे आम्हांस वाटते. परमुलखात घरचे माणूस गेले की मागे उरलेले घर, दागिने आणि कागदपत्रे कोणाच्या स्वाधीन व्हायची आणि ते कोणी ठरवायचे, हा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांच्या दारी येऊन गेला आहे. तंजावरात तो राजवाड्याच्या दारी आला, एवढाच फरक.

वस्तुतः या घराण्याचा आरंभच वाटणीच्या वादाने झाला. शहाजीराजे १६६४ मध्ये निवर्तले. त्यांची कर्नाटकातील जहागीर व्यंकोजीराजांच्या हाती राहिली आणि पुढे १६७६ च्या सुमारास तंजावरही त्यांच्याकडे आले. १६७७ मध्ये शिवाजीमहाराज दक्षिणेत उतरले, तेव्हा त्यांनी धाकट्या भावाकडे वडिलार्जित दौलतीचा अर्धा वाटा मागितला. कोळ्ळिडम नदीच्या काठी दोघे भाऊ भेटले. बोलणे काही जमेना, आणि व्यंकोजीराजे रातोरात नदी ओलांडून निघून गेले. पुढे तह झाला. दीपाबाईंना चोळीबांगडीसाठी बेंगळूरकडील मुलूख मिळाल्याचे बखरकार सांगतात. दौलत तलवारीची, पण भाषा शुद्ध भाऊबंदकीची! मात्र तो वाद मिटविणारी माणसे घरचीच होती, हे येथे ध्यानात ठेवावे.

शंभरांहून अधिक वर्षांनी तसाच प्रश्न उभा राहिला, तो सोडविणारी मंडळी मात्र परकी होती. तुळजाजी महाराजांनी १७८७ मध्ये मृत्यूपूर्वी सरफोजींना दत्तक घेतले. कंपनीने पंडितांचे मत घेतले, दत्तविधान शास्त्रविरुद्ध ठरले आणि अमरसिंह गादीवर आले. अकरा वर्षांनी पुन्हा पंडितांची मते मागविण्यात आली, ती उलट निघाली आणि १७९८ मध्ये सरफोजी गादीवर बसले. धर्मशास्त्र तेच, मुलगा तोच. बदलली होती ती कंपनीची सोय. सरफोजींच्या विद्वत्तेविषयी आम्हांस अपार आदर आहे, तरी त्यांच्या राज्यारोहणाची ही बाजू झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

१७९९ च्या तहाने कारभार कंपनीकडे गेला. महाराजांकडे किल्ला, वर्षाला एक लाख होनांची नेमणूक आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा एवढे राहिले. राज्यकारभाराचे ओझे उतरल्यावर या पुरुषाने जे केले त्याला तोड नाही. त्यांनी ग्रंथ जमविले, पोथ्या नकलून घेतल्या, छत्रे बांधली आणि १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या भिंतीवर आपल्या कुळाचा इतिहास मराठीत कोरविला. पण त्यातूनच पुढील गुंता निर्माण झाला. ग्रंथालय, जवाहीर, शेते, बागा हे सारे राजाचे होते की सरफोजी नावाच्या गृहस्थाचे? राजा हयात असेतो हे कोणी विचारत नाही.

सरफोजींचे पुत्र शिवाजी महाराज १८५५ च्या ऑक्टोबरात निवर्तले. मागे अनेक राण्या आणि कन्या होत्या, औरस पुत्र नव्हता. सातारा १८४८ मध्ये, झाशी आणि नागपूर १८५४ मध्ये खालसा झाली होती. तंजावर त्याच मार्गाने जाणार हे उघड होते. नामधारी राज्य बुडाले, त्याचे दुःख करण्यास फारसे कारण नव्हते. त्यातला प्राण केव्हाच गेला होता. परंतु कंपनीने त्यावर समाधान मानले नाही. १८५६ च्या ऑक्टोबरात फोर्ब्स नावाच्या अधिकाऱ्याने शिपायांच्या बळावर वाडा ताब्यात घेतला आणि खोल्याखोल्यांना मोहरा ठोकल्या. राज्याची म्हणून नव्हे, तर धन्याची स्वतःची म्हणता येईल अशी मिळकतही कुलुपाआड गेली.

थोरल्या राणीसाहेब कामाक्षीबाई यांनी महिनाभरातच मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दावा लावला. पडद्यात राहणाऱ्या, नुकत्याच विधवा झालेल्या एका मराठी स्त्रीने कंपनीला कंपनीच्याच मुलखातील कोर्टात खेचावे, हे धाडस लहान नव्हते. त्यांचे म्हणणे साधे होते : राज्य गेले तर गेले, पण नवऱ्याची खासगी मिळकत हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे विधवेची आहे. मद्रासच्या कोर्टाने ते मान्य केले.

प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे गेले. १८५९ मध्ये लॉर्ड किंग्जडाउन यांनी निवाडा दिला, आणि तो वाचून माणूस चक्रावून जातो. राजाच्या मिळकतीवर कंपनीचा कायदेशीर हक्क कोणता, हे कागदपत्रांतून शोधून काढणे अतिशय कठीण आहे, असे ते म्हणतात. म्हणजे राणीचा विजय झाला म्हणावे, तर नाही! कंपनीने हे सारे कायद्याने केलेलेच नाही, सार्वभौम सत्तेने केले आहे. ते न्याय्य असो वा अन्याय्य, त्याची चौकशी कोणत्याही कोर्टाला करता येणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष. हक्काचा आधार जितका कमी, तितके सरकार सुरक्षित, असेच याचे फलित झाले. हिंदुस्थानात आणि बाहेरही कायद्याचे विद्यार्थी हा खटला आजतागायत शिकतात. त्यातील राणी मराठी होती, याची जाणीव फार थोड्यांना असते.

कोर्टाने जे दिले नाही ते सरकारने पुढे कृपा म्हणून दिले. २१ ऑगस्ट १८६२ च्या मद्रास सरकारच्या हुकुमाने महाराजांची जमीनजुमला वारसांना परत मिळाला. व्यवस्था थोरल्या राणीकडे; इतर राण्यांनी तिच्यासह उपभोग घ्यावा; शेवटची राणी निवर्तल्यावर कन्येकडे, ती नसल्यास पुढील वारसांकडे जावा, असे ठरले. हुकूम चार ओळींचा, पण त्याचा अर्थ लावण्यात पिढ्या गेल्या. जिजाईअंबाबाई आणि कामाक्षीबाई या दोघी राण्यांच्या नावांनी नोंदलेला १८६८ चा मद्रास हायकोर्टाचा निवाडा वकिलांना चांगला परिचित आहे. सर्व विधवांचा हक्क एकत्र आणि समान. एक गेली की तिचा हक्क उरलेल्यांकडे. थोरलीने कारभार पाहावा, पण उपभोग सगळ्यांचा, असे त्यात ठरले. हे तत्त्व राजवाड्यातून निघून दक्षिणेतील साध्यासुध्या घरांतील सवतींपर्यंत पोहोचले. तरी त्या साऱ्यांचा हक्क हयातीपुरताच. विधवेला पूर्ण मालकी मिळण्यास १९५६ चा हिंदू वारसा कायदा यावा लागला.

महाराजांनी मृत्युपत्र केले असते तर हे टळले असते काय, असे कोणी विचारील. आमच्या मते नाही. वाडा ज्यांनी घेतला ते मृत्युपत्र वाचून थांबणारे नव्हते. शिवाय हिंदूंच्या मृत्युपत्रांसाठी प्रोबेटची रीत घालून देणारा कायदा १८७० चा. तोही इकडे मद्रास शहरापुरता आणि तिकडे मुंबई शहरापुरता. तंजावर मोफसलात. मुंबईत चाळीतली खोली आणि कुंभकोणमला घर ठेवून गेलेल्या माणसाच्या मुलांना एका मिळकतीसाठी प्रोबेट आणि दुसरीसाठी निराळीच वाट, असा अनुभव यायचा तो त्यामुळे.

राण्यांची पिढी सरल्यावर हक्कदार पुन्हा उभे राहिले. थेट कोल्हापूरच्या छत्रपतींनी जवळचे भाऊबंद म्हणून दावा मांडला. शहाजीराजांच्या दोन मुलांच्या शाखा अडीच शतकांनी पुन्हा एकमेकींसमोर आल्या, या वेळी मद्रास हायकोर्टात. अनौरस पुत्रांना वाटा मिळतो की नाही हे कुळाच्या वर्णावर अवलंबून होते. म्हणून १९२४ मध्ये न्यायाधीशांनी भोसल्यांचा वर्ण तपासला, आणि तंजावरचे मराठे क्षत्रिय नव्हेत, शूद्र आहेत, असा निर्णय दिला. वेदोक्ताच्या वादात पोळलेल्या कोल्हापुरास तो कसा वाटला असेल याची कल्पना वाचकांनीच करावी. कुळाचे मोल मिळकतीच्या दाव्यात असे कागदावर चढावे, हे आम्हांस आजही बोचते.

या भांडणांच्या काळात सरस्वती महालातील पोथ्या काय करीत होत्या? त्याही मिळकतीचाच भाग होत्या. त्या वाटल्या गेल्या असत्या, विकल्या गेल्या असत्या तर आश्चर्य नव्हते. नागपूरकरांचे जवाहीर कलकत्त्यास लिलावात गेलेच होते. सुदैवाने तंजावरास बर्नेल नावाचा न्यायाधीश आला. तो संस्कृतचा जाणकार होता. १८७१ पासून त्याने एकेक पोथी हाताळून सूची तयार केली आणि ती १८८० पर्यंत लंडनला छापून निघाली. काय आहे हे एकदा छापले गेल्यावर ते गुपचूप नाहीसे होणे अवघड झाले. १९१८ मध्ये राजघराण्यातील मंडळींनी हक्क सोडला आणि ग्रंथालय सार्वजनिक झाले. पुढे १९८३ मध्ये त्याला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. देवस्थानांचे तसेच : अठ्ठ्याऐंशी देवळांचे वंशपरंपरागत विश्वस्तपद भोसले घराण्याकडेच राहिले.

त्या ग्रंथालयात पोथ्यांबरोबर मोडी कागदांची बाडेही आहेत. हुकूम, हिशेब, नेमणुका, छत्रांचे खर्च, कोणाला किती तांदूळ दिला आणि कोणाचे किती देणे राहिले, असे सारे त्यांत आहे. मोडी वाचणारी माणसे थोडी, त्यामुळे त्यातील बरेचसे अजून वाचून व्हायचे आहे.