सहा महिन्यांच्या गोळ्यांचा हिशोब

17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान संपलं आणि नांदेड, लातूर निजामाच्या राज्यातून मोकळे झाले. त्यानंतर दीडेक महिन्याने, 30 ऑक्टोबरला, 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक अहवाल छापून आला. क्षयाच्या 107 रुग्णांपैकी 55 जणांना स्ट्रेप्टोमायसिन हे नवं इंजेक्शन दिलं होतं. 52 जणांना त्या काळचा नेहमीचा उपचार, म्हणजे अंथरुणात नुसती विश्रांती. सहा महिन्यांत इंजेक्शनवाल्यांतले 4 दगावले, विश्रांतीवाल्यांतले 14. क्षयावर औषध सापडलं होतं.

पण पाच वर्षांनी मोजलं तर चित्र वेगळं निघालं. पहिल्या गटातले 32 आणि दुसऱ्यातले 35 जण गेले होते. फरक जवळजवळ पुसला गेला, कारण जंतू औषधाला सरावले होते.

मी कोड लिहून पोट भरतो, डॉक्टर नाही; पण याच्या मागचं गणित मला लगेच पटलं. फुप्फुसातल्या एका मोठ्या पोकळीत दहा कोटींहून जास्त जंतू असू शकतात. आयसोनियाझिडला (हे औषध 1952 मध्ये आलं) मुळातच दाद न देणारा जंतू साधारण दहा लाखांत एक असतो, रिफाम्पिसिनला न जुमानणारा दहा कोटींत एक. एकच औषध दिलं तर बाकीचे मरतात, हे चिवट उरतात आणि त्यांचंच राज्य येतं. दोन्ही एकदम दिली तर दोघांनाही पुरून उरणारा जंतू एकावर चौदा शून्यं एवढ्यांत एक. इतके जंतू छातीत मावतच नाहीत. म्हणून औषधं जोडीनेच द्यायची.

ती कुठे द्यायची, याचं उत्तर मद्रासने दिलं. 1956 मध्ये तिथे सुरू झालेल्या अभ्यासात काही रुग्णांना सॅनेटोरियममध्ये ठेवलं, बाकीच्यांना त्यांच्याच दाटीवाटीच्या घरात गोळ्या दिल्या. घरचं जेवण निकृष्ट, विश्रांती कमी, तरी गुण जवळपास सारखाच आला. घरातल्या माणसांना लागण होण्याचं प्रमाणही वाढलं नाही. ज्याला सॅनेटोरियम परवडत नाही, त्याच्यासाठी ही मोठीच बातमी होती.

तेव्हा उपचार वर्ष-दीड वर्ष चालायचा. रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड जोडीला आल्यावर तो सहा महिन्यांवर आला: दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. पहिल्या दोन महिन्यांत बहुतेक जंतू मरतात आणि माणसाला बरं वाटतं. उरलेले चार महिने असतात ते सुस्त पडून राहिलेल्या जंतूंसाठी. माझ्या नांदेडच्या आत्याने नेमक्या याच वळणावर गोळ्या सोडल्या होत्या. खोकला गेला, वजन वाढलं, मग कशाला खायच्या? आजार परतला. तिला 'निष्काळजी' म्हणणारे खूप भेटले, हे गणित सांगणारं कुणीच भेटलं नाही.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. ऊसतोडीचा हंगामही पाच-सहा महिन्यांचाच. दिवाळीच्या सुमारास टोळी निघाली की रुग्णही निघतो. 'निक्षय' या सरकारी पोर्टलवर त्याची नोंद दुसऱ्या जिल्ह्यात हलवता येते. पण ती हलवायला माणूस लागतो, आणि फडात पहाटेपासून राबणाऱ्याला गोळी घ्यायला दवाखान्यापर्यंत जायला सवड लागते.

अर्धवट उपचारांची किंमत मुंबईने पाहिली आहे. तिथल्या नंदिता वेंकटेशन यांची ऐकण्याची शक्ती क्षयाच्या इंजेक्शनांनी गेली. बेडाक्विलिन या गोळीचा पेटंट-काळ वाढवून मागणाऱ्या अर्जाला त्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांच्यासह हरकत घेतली आणि मार्च 2023 मध्ये तो अर्ज फेटाळला गेला. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर आता इंजेक्शनाशिवाय, सहा महिन्यांचा उपचार भारतात मंजूर आहे.

म्हणजे 1948 मध्ये अडलेलं कोडं बरंचसं सुटलंय. आता तुमच्या घरात, गल्लीत कुणी तिसऱ्या महिन्यात 'आता बरं वाटतंय' म्हणालं, तर त्याला रागावू नका. शेजारी बसा आणि उरलेले चार महिने कशासाठी आहेत, तेवढं सांगा.