ख्रिस्ती कथालेखकांसाठी : कथेवर विश्वास ठेवा

नाताळ अंकांचे दिवस जवळ आले की धर्मग्रामांतील नवोदित लेखकांच्या कथा संपादकांच्या हाती येऊ लागतात. काही वहीच्या पानांवर लिहिलेल्या, काही मोबाइलवर टंकलिखित केलेल्या. या कथा आम्ही आस्थेने वाचतो. त्यांतील श्रद्धा खरी असते, भावनाही खरी असते. तरीही अनेक कथांचा शेवट वाचकाला दुसऱ्याच पानावर कळतो. मद्यपी पती, सोशिक पत्नी, अंथरुणाला खिळलेले मूल, तपसाधना आणि अखेरीस पश्चात्तापाचे अश्रू हा क्रम आता आपल्या परिचयाचा झाला आहे. असे लोक आपल्या गावांत आहेत आणि त्यांची परिवर्तनेही घडतात, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु लेखकाच्या मनात एक भीती असते. मी स्वतः पुढे येऊन तात्पर्य सांगितले नाही तर वाचकाला देवाचा हात दिसणार नाही, असे त्याला वाटते. या भीतीपोटी तो आपल्याच पात्रांना बोलू देत नाही. अशा लेखकबंधूंना व लेखकभगिनींना धीर द्यावा आणि काही उपयुक्त सूचना कराव्यात, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

प्रभूची कथनशैली

कथेवर विश्वास कसा ठेवावा, याचा पहिला धडा आपल्याला शुभवर्तमानातच मिळतो. लूकच्या शुभवर्तमानातील पंधराव्या अध्यायात उधळ्या पुत्राची कथा आहे. धाकटा परत आला, मेजवानी सुरू झाली आणि थोरला रागावून अंगणात उभा राहिला. पिता बाहेर येऊन त्याची विनवणी करतो, आणि तेथेच कथा थांबते. थोरला आत गेला की नाही, हे प्रभू सांगत नाही. कारण तो थोरला भाऊ म्हणजे समोर बसून ऐकणारा माणूस आहे. निर्णय त्याने घ्यायचा आहे. दहाव्या अध्यायातील दयाळू शमरोनी माणसाची कथाही एका प्रश्नाने संपते आणि उत्तर ऐकणाऱ्याच्याच तोंडून वदविले जाते.

जुन्या करारात शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात नाथान संदेष्टा दावीद राजापुढे उभा राहतो. राजाच्या पापाचा उच्चार तो प्रारंभी करीत नाही. एका गरिबाच्या एकुलत्या मेंढीची कथा तो सांगतो. राजा संतापून निवाडा देतो आणि मगच त्याला उमगते की तो निवाडा त्याच्या स्वतःवरच आहे. थेट उपदेश झाला असता तर राजाने कदाचित मनाची दारे बंद केली असती. कथा त्या बंद दारातून आत गेली. प्रवचनाचे स्थान वेदीपाशी आहे व ते मोठे आहे. कथेचे काम मात्र वेगळे आहे.

मराठी ख्रिस्ती कथेचा वारसा

मराठीत ख्रिस्ती लेखन परके नाही. इंग्लंडमध्ये जन्मलेले जेज्वीट धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राचोल येथे छापले गेले. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना त्यांची जुनी पुराणे दुरावली होती. त्यांच्या हाती काहीतरी द्यावे, म्हणून फादरांनी त्यांच्याच ओळखीचा ओवीछंद निवडला. आशय ख्रिस्ताचा आणि कान मराठी, हा त्यांचा मार्ग आजच्या कथाकारालाही उपयोगी आहे.

त्यानंतर १८५७ साली बाबा पदमनजी यांची 'यमुनापर्यटन' प्रसिद्ध झाली. अनेक अभ्यासक तिला मराठीतील पहिली कादंबरी मानतात. यमुना व तिचा पती विनायक प्रवासाला निघतात, वाटेत विधवांच्या कहाण्या ऐकतात आणि पुढे यमुनेवरच वैधव्य ओढवते. आज ही कादंबरी वाचताना एक गोष्ट लक्षात येते. जेथे एखादी विधवा आपले दुःख सांगते, तेथे पाने जिवंत होतात. जेथे पात्रे धर्मचर्चा करू लागतात, तेथे ती मंदावतात. बाबा पदमनजींचे ऋण मान्य करूनही त्यांच्या या अनुभवातून आपण शिकले पाहिजे.

लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' हे आत्मकथन आहे, कादंबरी नव्हे. तरीही प्रत्येक ख्रिस्ती कथाकाराने ते वाचावे, अशी आमची शिफारस आहे. रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधली वर्षे विरहाची, रागाची आणि सोवळे-ओवळे हळूहळू सुटण्याची होती. मनाचे पालटणे किती सावकाश आणि किती घरगुती गोष्टींतून घडते, हे त्या विनोद न सोडता सांगतात. एका रात्रीत पात्राचे हृदयपरिवर्तन घडविणाऱ्या लेखकाने ही वर्षे मोजून पाहावीत.

सदोष माणूस आणि कृपा

ग्रॅहम ग्रीन या इंग्रज कॅथलिक लेखकाने १९३८ साली मेक्सिकोचा प्रवास केला. तेथे ख्रिस्तसभेचा छळ झाला होता. त्यावर आधारलेली 'द पॉवर अँड द ग्लोरी' ही त्यांची कादंबरी १९४० साली आली. तिचा नायक एक फरारी धर्मगुरू आहे. तो मद्यपी आहे, भित्रा आहे, एका मुलीचा बापही आहे. तरीही तो लोकांपर्यंत संस्कार पोहोचवीत राहतो आणि अखेरीस एका मरणासन्न माणसासाठी, सापळा आहे हे ओळखूनही, माघारी वळतो. संस्काराचे सामर्थ्य तो देणाऱ्याच्या सद्गुणांवर अवलंबून नसते, ही ख्रिस्तसभेची शिकवण या कथेत एकाही व्याख्येविना उतरली आहे.

या कादंबरीबद्दल रोममधून आक्षेप घेतला गेला होता. पुढे १९६५ साली पोप पॉल सहावे यांनी ग्रीन यांची भेट घेतली आणि त्या आक्षेपाकडे लक्ष न देण्यास सांगितले, असे ग्रीन यांनीच नोंदविले आहे. याचा अर्थ पात्रे मुद्दाम मलिन करावीत असा नाही. ज्याला तारणाची गरजच नाही, असा निर्दोष नायक मात्र ख्रिस्ती कथेच्या कामाचा नसतो.

आपल्या मातीची भाषा

जपानी कॅथलिक कादंबरीकार शुसाकू एन्डो यांचा बाप्तिस्मा बालपणी, आईच्या इच्छेने झाला. हा धर्म म्हणजे आईने अंगावर चढविलेला, मापाला न बसणारा पाश्चात्त्य कपडा आहे, असे त्यांना वाटे. तो टाकून न देता आपल्या अंगाला बसेल असा शिवून घेणे, हेच त्यांचे आयुष्यभराचे लेखन ठरले. त्यांची 'सायलेन्स' ही कादंबरी १९६६ साली प्रसिद्ध झाली.

आपणही आपला कपडा तपासून पाहावा. आपल्या नाताळकथांत बर्फ पडतो, शेकोटीजवळ आजोबा बसतात. वसईच्या डिसेंबरात बर्फ नसतो. केळीच्या बागा असतात, बावखलावरची पहाटेची थंडी असते, बागायत विकावी की राखावी यावरून भावाभावांत पडलेले अंतर असते. अहिल्यानगर किंवा छत्रपती संभाजीनगर परिसरातील ख्रिस्ती कुटुंबाची कथा आणखी वेगळी. तेथे दुष्काळ आहे, ऊसतोडणीसाठी होणारे स्थलांतर आहे, जातीची जुनी जखम आहे. संवादात सामवेदी, वाडवळी किंवा आपल्या गावची बोली येऊ द्यावी. निवेदन प्रमाण मराठीत ठेवले तरी आजी आजीसारखीच बोलली पाहिजे.

लेखनाची काही पथ्ये

१. तात्पर्यापासून नव्हे, माणसापासून आरंभ करावा. त्याला काय हवे आहे आणि ते का मिळत नाही, एवढे ठरले की कथा चालू लागते.

२. भावनेचे नाव सांगण्याऐवजी कृती दाखवावी. समजा, दोन भावांची विहीर सामाईक आहे आणि थोरल्याने पंपाच्या खोलीला कुलूप लावले आहे. 'थोरल्याला आपल्या पापाची जाणीव झाली व त्याने भावाला क्षमा केली' असे लिहिता येईल. परंतु गुड फ्रायडेच्या संध्याकाळी धाकट्याच्या दारावरील खिळ्याला ती किल्ली कोणीतरी अडकवून गेलेले दिसले, असे लिहिले तर 'क्षमा' हा शब्द न येताही वाचक ती ओळखेल.

३. योगायोगाने किंवा चमत्काराने पेच सोडवू नये. योगायोग संकट आणू शकतो. संकटातून वाट काढताना मात्र पात्राला काहीतरी निवडावे लागले पाहिजे.

४. प्रार्थना जशी घडते तशी लिहावी. माळेची प्रार्थना करताना आईचे अर्धे लक्ष कुकरच्या शिटीकडे असते. ते लिहिल्याने तिची श्रद्धा उणी होत नाही.

५. श्रद्धा नसलेल्या किंवा अन्यधर्मीय पात्राला दुबळे युक्तिवाद देऊ नयेत. आपल्या हिंदू-मुस्लिम शेजाऱ्याने ती कथा वाचली तर त्याला आपले चित्र खरे वाटावे.

६. ख्रिस्तसभेच्या जीवनातील तपशील पडताळावेत. गुड फ्रायडेला मिस्सा होत नाही. आगमनकाळातील रविवारी गौरवगीत गायिले जात नाही. पापनिवेदनात ऐकलेले रहस्य धर्मगुरू पोलिसांनाही सांगू शकत नाही; अशा उकलीवर उभारलेली रहस्यकथा जाणत्या वाचकापुढे टिकत नाही.

७. कथा पूर्ण झाल्यावर शेवटचा परिच्छेद झाकून वाचावी. बहुतेक वेळा कथा त्याआधीच संपलेली असते.

८. हस्तलिखित दोन आठवडे बाजूला ठेवावे, मग मोठ्याने वाचावे. जीभ जेथे अडखळते, तेथे वाक्य दुरुस्तीला आलेले असते.

'लोक काय म्हणतील?'

छोट्या गावात लिहिणे सोपे नसते. कोणाची कथा कोणावरून सुचली, हे मिस्सा सुटताच पायऱ्यांवर ओळखले जाते. म्हणून विश्वासाने सांगितलेली गोष्ट कथेत जशीच्या तशी वापरू नये. व्यवसाय, कुटुंबरचना, गाव हे सर्व बदलावे; मूळ वेदना तेवढी ठेवावी. आणि इतरांचे दोष लिहिण्यापूर्वी स्वतःतील थोरला भाऊ शोधावा. परंतु केवळ भीतीमुळे घरातील हिंसा, व्यसन, जमिनीचे तंटे किंवा आपल्या संस्थांतील उणिवा यांविषयी मौन बाळगले, तर जे हे सारे भोगीत आहेत त्यांना आपल्या साहित्यात जागाच उरणार नाही.

सवडीअभावी लिहिणे राहून जाते, अशी तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. अमेरिकन कॅथलिक लेखिका फ्लॅनरी ओ'कॉनर यांना ऐन पंचविशीत ल्यूपस हा दुर्धर आजार जडला. आईसोबत जॉर्जिया राज्यातील शेतावर राहून त्या रोज सकाळी ठरलेले काही तास लिहीत. १९६४ साली वयाच्या ३९व्या वर्षी त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या नावावर दोन कादंबऱ्या आणि सुमारे तीस कथा होत्या. आपल्याला रोज अर्धा तास मिळाला तरी वर्षाकाठी दोन-तीन चांगल्या कथा होऊ शकतात.

पोप फ्रान्सिस यांनी १७ जुलै २०२४ रोजी साहित्यवाचनाच्या महत्त्वावर एक पत्र लिहिले. ते धर्मगुरूंच्या घडणीपुरते लिहावे, असा त्यांचा मूळ विचार होता. नंतर त्यांनी ते सर्वच ख्रिस्ती जनांसाठी खुले केले. तरुणपणी, १९६४-६५ च्या सुमारास, ते अर्जेंटिनातील सांता फे येथे साहित्य शिकवीत असत, ही आठवणही त्यात आहे. दुसऱ्याच्या डोळ्यांनी जग पाहण्याची शक्ती साहित्य देते, हा त्या पत्राचा आशय आहे. शेजाऱ्यावर प्रीती करण्याची पूर्वतयारी याहून वेगळी ती काय असते?

तेव्हा लेखकहो, वही उघडा. अंगणात उभ्या असलेल्या त्या थोरल्या भावाजवळ जा आणि त्याचे म्हणणे नीट ऐकून घ्या. आत मेजवानी चालू आहे, दार उघडे आहे, एवढे वाचकाला दिसू द्या. पाऊल त्याचे त्याला उचलू द्या.