जून शेंगेची गोष्ट

कुंपणावर ज्यांनी घेवड्याचा वेल चढवला आहे, त्यांना एक अनुभव हटकून येतो. आठ-दहा दिवस तिकडे फिरकायला सवड झाली नाही, की पानांआड दडलेल्या शेंगा एकदम नजरेस पडतात. पण तोवर त्या कोवळ्या राहिलेल्या नसतात. मोडायला जावे तर कटकन मोडत नाहीत, कडेची शीर दोरीसारखी निघून येते, आणि भाजी केलीच तर जेवणारा एकच घास तोंडात घोळवत बसतो. अशी शेंग आपण जून म्हणून गुरांपुढे टाकतो.

एका दिवाळीच्या सुट्टीत मीही पाटीभर शेंगा गोठ्याकडे घेऊन निघालो होतो. आईने हटकले. म्हणाली, "अरे, शेंग जून झाली. दाणा कुठं वाया गेलाय?" आणि ओसरीवर बसून तिने तासाभरात पातेलेभर दाणे सोलून काढले. रात्री त्याची आमटी झाली. मी कॉलेजात इतिहास शिकवतो. पण एका वेलाचा अवघा इतिहास आईच्या त्या एका वाक्यात आहे, हे मला पुढे वाचताना उमगले. तो वेल म्हणजे इंग्रज लोक ज्याला 'रनर बीन' म्हणतात तो, तांबड्या फुलांचा, उंच चढणारा घेवडा.

ह्या वेलाचे माहेर मेक्सिकोच्या डोंगराळ, थंड मुलखात आहे. तिथले शेतकरी मका, भोपळा आणि घेवडा एकाच शेतात लावीत आले आहेत. मक्याच्या ताटाचा घेवड्याला आधार, घेवड्याच्या मुळांवरच्या गाठींतून जमिनीला नत्र, आणि भोपळ्याच्या रुंद पानांची जमिनीवर सावली, अशी ती वाटणी. आपल्याकडे ज्वारीत तूर टाकणाऱ्याला ह्यातले मर्म वेगळे सांगायला नको. ह्या शेतातला घेवडा मुख्यतः वाळवून ठेवण्यासाठी असे. स्पॅनिश लोकांनी १५२१ साली अॅझ्टेक राजधानी जिंकली. त्यानंतर सुमारे वीस वर्षांनी तयार झालेल्या 'कोडेक्स मेंडोझा' नावाच्या चित्रमय दप्तरात जुन्या राजाला येणाऱ्या खंडणीच्या नोंदी आहेत. त्यांत मक्याबरोबर घेवड्याच्या दाण्यांनी भरलेल्या कणग्या दाखवल्या आहेत. खंडणीत कोवळी भाजी कोण भरणार? भरायचे ते टिकणारे धान्यच. रनर बीनच्या दाण्याला तिथे 'आयोकोते' म्हणतात आणि आजही तो शिजवून खातात. म्हणजे ज्याला आपण 'शेंग जून झाली' म्हणतो, त्याला तो शेतकरी 'पीक तयार झाले' म्हणतो.

आता गंमत पाहा. सतराव्या शतकात हा वेल इंग्लंडात पोचला. राजा पहिला चार्ल्स ह्याच्या पदरी असलेला बागवान जॉन ट्रेडस्कंट ह्याला तो तिथे आणल्याचे श्रेय देतात. इंग्रजांना भुरळ पडली ती त्याच्या लालभडक फुलांची. मांडवावर चढवायला आणि फुलांचे गुच्छ करायला हा वेल लावू लागले. पोटाशी त्याचा संबंध नव्हता. पुढे अठराव्या शतकात, चेल्सीच्या औषधी वनस्पतींच्या बागेचा प्रमुख फिलिप मिलर ह्याने ह्याच्या कोवळ्या शेंगा खायला उत्तम असल्याचे लोकांना पटवले. तेव्हापासून रनर बीन इंग्रजी परसात जाऊन बसला, तो आजतागायत.

पण एक गोष्ट समुद्रापलीकडेच राहून गेली. बी जहाजातून आले. बियाचे काय करायचे हे ज्ञान त्याच्याबरोबर पुरते आले नाही. मेक्सिकोने दाणा पाहिला, ट्रेडस्कंटच्या काळाने फूल पाहिले, मिलरच्या काळाने शेंग पाहिली. म्हणून इंग्रज बागाईतदाराला पुष्कळदा ऑगस्ट-सप्टेंबरात ढीगभर जून शेंगांचे काय करावे हा प्रश्न पडतो आणि त्या खताच्या खड्ड्यात जातात.

सगळ्या युरोपात मात्र असे झाले नाही. ऑस्ट्रियाच्या स्टायरिया प्रांतात ह्याच वेलाचे जांभळे-काळे ठिपकेदार दाणे शिजवतात, आणि कांदा व भोपळ्याच्या बियांचे तेल घालून खातात. दाण्याच्या रूपावरून त्याला तिथे 'भुंगेरा-घेवडा' अशा अर्थाचे नाव आहे. ग्रीसच्या उत्तरेकडील प्रेस्पा भागात पांढऱ्या दाण्याच्या जातीला 'राक्षस' म्हणतात, त्याहून मोठ्या दाण्याला 'हत्ती'! टोमॅटो आणि ऑलिव्ह तेलात ते भट्टीत भाजतात. वेल तोच, पण ज्याला हिवाळ्याची बेगमी करायची होती त्याने दाणा ओळखला.

इंग्लंडवरही तशी वेळ आली. दुसऱ्या महायुद्धात, १९४० च्या जानेवारीत तिथे शिधावाटप सुरू झाले; ते पूर्ण उठायला १९५४ उजाडले. सरकारने 'विजयासाठी खणा' अशी हाक दिली आणि हिरवळींच्या जागी भाज्यांचे वाफे आले. कोवळ्या शेंगा हिवाळ्यासाठी मिठात मुरवा, असे गृहिणींना शिकवले गेले. प्रमाण ठरलेले होते: ३ पौंड शेंगांना १ पौंड मीठ. बरणीत शेंगांचा एक थर, मिठाचा एक थर. मिठात काटकसर केली की शेंगा बुळबुळीत होऊन नासत. आणि मुरवणे हे कोवळ्या शेंगांपुरतेच. जून शेंग मिठात घातली म्हणून तिची शीर काही मऊ होत नाही. तिचा मार्ग एकच, सोलून दाणा काढणे.

तो मार्ग कसा, ते थोडक्यात सांगतो. शेंग चिवट पण हिरवी असेल तर ओले दाणे काढावेत. शेंग पिवळी पडू लागली असेल तर वेलावरच वाळू द्यावी. पावसाची भीती वाटली, तर अख्खा वेल उपटून छपराखाली उलटा टांगावा. हलवल्यावर आत दाणे खुळखुळू लागले की सोलावेत. मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली अशी, की वेलावर शेंगा पिकू दिल्या की नवी फुले-शेंगा धरणे मंदावते. झाडाच्या लेखी काम पुरे झालेले असते. म्हणून सगळेच वेल जून होऊ देऊ नयेत. दोन वेल दाण्यासाठी राखावेत, बाकीच्यांच्या शेंगा दर दोन-तीन दिवसांनी तोडाव्यात.

दुसरी गोष्ट जिवाशी गाठ घालणारी आहे. घेवड्याच्या कच्च्या दाण्यात एक विषारी द्रव्य असते. दाणे कच्चे किंवा अर्धवट शिजलेले खाल्ले तर जोराच्या उलट्या-जुलाब होतात. वाळलेले दाणे रात्रभर भिजवावेत, ते पाणी फेकून द्यावे, नव्या पाण्यात निदान १० मिनिटे खळखळून उकळावेत, आणि मग पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवावेत. ओला दाणाही असाच उकळून घ्यावा. नुसत्या मंद आचेवर ठेवून भागत नाही.

आता आपल्याकडे वळू. फरसबी हे नावच 'फ्रेंच बीन'वरून आले आहे. परदेशच्या प्रवासाची खूण नावातच आहे. तिचीही कोवळी शेंग ती फरसबी आणि पिकलेला दाणा तो राजमा, हे शहरातल्या कितीतरी लोकांच्या गावी नसते. सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव भागात मात्र ह्याच कुळातला वाघ्या घेवडा दाण्यासाठीच पिकवतात. त्याच्या अंगावरच्या लाल रेघांवरून ते नाव पडले. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

वालाची गोष्ट तर त्याहून जुनी. त्याचे रानटी भाऊबंद आफ्रिकेत आहेत. पण दक्षिण भारतात तो ३,००० वर्षांहून अधिक काळ पिकतो आहे. इथे कोणी शेंग विसरली नाही की दाणा विसरला नाही. कोवळी ती वालपापडी. दाणा भरला की रायगडात मडक्याला भांबुर्ड्याचा पाला लावून पोपटी लावतात आणि दाणा चोखून शेंगेचे साल टाकून देतात. वाळला की वाल. तो भिजवून, मोड आणून, सोलून बिरडे करतात. एका वेलाचे तीन वयांतले तीन उपयोग, आणि प्रत्येकाला वेगळे नाव! नाव आहे तोवर उपयोग आठवतो. नाव गेले की शेंग नुसती 'जून' उरते.

शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्या शाळेच्या परसबागेत घेवड्याचा किंवा वालाचा एक वेल मुद्दाम पिकू द्या. कोवळी, भरलेली आणि वाळलेली, अशा तिन्ही शेंगा मुलांच्या हाती द्या, आणि घरी आजीला प्रत्येकीचे नाव व कृती विचारून यायला सांगा. इंग्लंडात बी पोचले आणि कृती मागे राहिली. आपल्याकडे बी कुंपणावर आहेच. कृती अजून आजीजवळ आहे. ती वहीत उतरवून घ्यायला एक तास पुरे. माझी आई तेवढ्याच वेळात पातेलेभर दाणे सोलून मोकळी झाली होती.