गश्ती ५३ आणि मोबाइलवरचा जीआर

निजामाचा कारभार म्हणजे काळोख आणि आजचा संकेतस्थळांवरचा कारभार म्हणजे उजेड, अशी सोयीची मांडणी मराठवाड्यात नेहमी ऐकू येते. जुने कागद पाहिले तर ती टिकत नाही. हैदराबाद संस्थानाचे राजपत्र, म्हणजे 'जरीदा', १८६९ पासून नियमित छापले जात होते. दरसाल राज्यकारभाराचा अहवाल निघे. १८८१ पासून जनगणना होऊ लागली आणि तिचे खंड छापले गेले. जमीन महसुलाचा कायदा १३१७ फसलीत, म्हणजे १९०७-०८ च्या सुमारास, कलमवार तयार होता. छापील कागदाच्या बाबतीत हे संस्थान कुणापेक्षा फार मागे नव्हते. तरीही कंधारच्या किंवा औशाच्या कुळाला आपल्यावर कोणता कायदा चालतो याचा पत्ता नसे. सरकारी माहिती फुकट आणि सहज मिळाली की कारभार आपोआप पारदर्शक होतो असे मानणाऱ्यांनी आधी या कोड्याचे उत्तर द्यायला हवे.

त्याचे एक कारण भाषेत होते. १८८४ च्या सुमारास फारसीची जागा उर्दूने घेतली, पण नांदेडच्या रयतेला दोन्ही सारख्याच परक्या. गावाचा हिशेब मराठीत, मोडी लिपीत होता खरा, पण तो वतनदार पटवाऱ्याच्या घरी रुमालात बांधलेला. रुमाल सोडायचा की नाही, हे पटवारी ठरवणार. तरी भाषा हा मोठा अडसर नव्हता, असे माझे मत आहे. उर्दू येणारे वकील, शिक्षक, कारकून प्रत्येक तालुक्यात होते आणि चार लोकांना बसवून जरीदा समजावून सांगणे त्यांना अवघड नव्हते. नेमके ते चार लोक बसवणेच अवघड करून ठेवले होते. १९२९ ची 'गश्ती निशाण ५३', म्हणजे परिपत्रक क्रमांक ५३, मराठवाड्याच्या इतिहासात कुप्रसिद्ध आहे. तिने पूर्वपरवानगीवाचून सभा घेण्याला मज्जाव केला. कायदा वाचायला बंदी नव्हती; वाचलेल्या कायद्यावर एकत्र बसून बोलायला होती. छापणे आणि कळू देणे यांत सरकारने किती अंतर ठेवावे, याचा इतका स्वच्छ नमुना शोधून सापडायचा नाही.

म्हणून इथल्या लोकांनी पहिली लढाई केली ती सभेच्या हक्कासाठी. संस्थानातल्या मराठी भाषकांच्या महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ मध्ये परतूरला झाले, दुसरे १९३८ मध्ये लातूरला आणि तिसरे १९४१ मध्ये नांदेड जिल्ह्यातल्या उमरीला. नागरी स्वातंत्र्य, जबाबदार राज्यपद्धती, मातृभाषेतून शिक्षण या मागण्या तिथे मांडल्या गेल्या. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तर ती रीतसर स्थापन होण्याआधीच बंदी आली. आ. कृ. वाघमारे यांनी 'मराठवाडा' हे पत्र पुण्याहून काढले, कारण संस्थानात राहून ते काढता आले नसते. बंदी आली की ते नाव बदलून पुन्हा काढीत. आपल्याच गावच्या कारभाराची बातमी पुण्याला छापून चोरून आत आणावी लागत होती आणि सरकारचा जरीदा मात्र वेळेवर निघत होता.

सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची राजवट संपल्यावर सभेवरचा अडसर गेला. १९५० मध्ये कूळकायदा आला. १९५४-५५ चे खासरा पत्रक तयार झाले. मराठवाड्यातल्या जमिनीच्या वादात वकील आजही आधी तेच मागतात. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने राज्यकारभार मराठीत आणण्याचा मार्ग खुला केला. आता कागद कळण्यासारखा होता, पण तो कपाटात गेला. सरकारी गुपितांचा १९२३ चा इंग्रजी कायदा स्वतंत्र भारतातही चालूच राहिला, आणि साहेब नाहीत, किल्ली नाही, उद्या या, ही उत्तरे तर कायद्याच्याही पुढची. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामे सुरू झाली आणि १९७७ च्या कायद्याने ती हक्काची झाली. पण कामावर कुणाची हजेरी लागली हे सांगणारे मस्टर कामावरच्या मुकादमाच्या आणि कारकुनाच्या हाती. बोगस मस्टर हा शब्द गावोगाव रुळला तो त्यामुळेच. अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर २००२ मध्ये राज्याचा माहिती अधिकार आला, २००५ मध्ये केंद्राचा. त्याच्या कलम ४ ने एक उलटी गोष्ट केली. मागणाऱ्याची वाट न पाहता कार्यालयाने स्वतःहून कागद उघडा ठेवावा, असे बंधन घातले. आजची सगळी फुकट साधने या कलमाच्या आणि त्यामागच्या चळवळीच्या पोटची आहेत. संगणक हे त्यांचे केवळ वाहन.

मस्टरचेच पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. केंद्राची रोजगार हमी २ फेब्रुवारी २००६ रोजी सुरू झाली. राज्यातल्या पहिल्या बारा जिल्ह्यांत नांदेड होते, लातूर नव्हते. या योजनेच्या संकेतस्थळाने मस्टर मुकादमाच्या पिशवीतून बाहेर काढले. जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत असे एकेक पान उघडत गेले की कामाचे नाव येते, मस्टरचा क्रमांक येतो आणि त्याखाली मजुराचे नाव, जॉबकार्ड, किती दिवसांची हजेरी, किती मजुरी. लॉगिन लागत नाही, पैसे लागत नाहीत. पुण्यात नोकरीला असलेल्या मुलानेही गावाकडच्या विहिरीच्या कामावर कोण कोण होते ते पाहावे. सातबाराचेही तसेच: नुसता पाहायला फुकट, आणि १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा उताराही घरबसल्या मिळू लागला. शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर विभाग, तारीख किंवा शब्द टाकून जीआर शोधता येतो आणि प्रत्येकावर त्याचा स्वतंत्र सांकेतांक असतो. पटवाऱ्याचा रुमाल अखेर चव्हाट्यावर आला, असे म्हणायला हरकत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो वाचता न येणाऱ्यांचा. ज्याला अंगठा लावावा लागतो त्याला संकेतस्थळ काय कामाचे? शेवटी त्याला महा ई-सेवा केंद्रातच जावे लागते आणि फुकटच्या कागदासाठी पैसे मोजावे लागतात. तहसीलबाहेरचा अर्जनवीस जाऊन संगणकवाला आला, एवढेच. आक्षेप खरा आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष खरा नाही. मध्यस्थ परिषदेच्या काळातही होता, तो वकील किंवा शिक्षक. मध्यस्थ असण्यात वावगे काही नाही. तो एकेकट्याला गाठून कागद विकतो की चारचौघांत वाचून दाखवतो, यावर सारे ठरते. रोजगार हमीचा २००५ चा कायदा करणाऱ्यांना हे उमगले असावे. त्याच्या कलम १७ ने कामांचे सामाजिक अंकेक्षण ग्रामसभेकडे दिले. संकेतस्थळावरचे मस्टर सभेत वाचायचे आणि नाव असलेल्याला विचारायचे, तू या कामावर होतास का? हे होते तिथे निरक्षर बाईचे उत्तरही पुरावा ठरते. होत नाही तिथे मस्टर जगाला दिसत असते आणि बोगस नावे त्यात सुखाने नांदत असतात.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. आता लोकशाही आहे, सभेला बंदी नाही, मग निजामाशी तुलना कशाला? तुलना राजवटींची नाही, परिणामाची आहे. ग्रामसभेची गणसंख्या मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असेल ती. तेवढी जमली नाही तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणसंख्येची अटच नाही. पोलिसांनी सभा उधळायची गरज उरत नाही. ती कागदोपत्री भरते आणि कागदोपत्री संपते.

लोक एकत्र वाचायला लागले की काय होते, याचा दाखला गेल्या दोन-तीन वर्षांतलाच आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये मराठवाड्यातल्या मराठ्यांच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली. मोडी, उर्दू, फारसी दस्तऐवज बाहेर निघाले, त्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या. बीडच्या मानाने नांदेड-लातूरमध्ये नोंदी फारच कमी निघाल्या. त्यामागे जुन्या हद्दींचा इतिहासही असावा. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होते आणि खुद्द लातूर १९८२ मध्ये जिल्हा झाला. त्यामुळे इथले जुने दप्तर विखुरलेले आहे. जे दप्तर हाती नाही ते स्कॅन होत नाही, ही फुकट साधनांची मर्यादा इथे लख्ख दिसली. मग २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटियरच्या आधारे कुणबी प्रमाणपत्रे देण्याचा जीआर निघाला आणि तो लगोलग गावोगावच्या मोबाइलवर पोचला. पारावर, एसटी स्टँडवर, उपोषणाच्या मांडवात त्यातल्या ओळींचा कीस पाडला गेला. बाजूने आणि विरोधात, मराठा आणि ओबीसी, दोन्हीकडून. त्या निर्णयाची योग्यायोग्यता हा वेगळा विषय आहे. एक सरकारी कागद इतक्या लोकांनी इतक्या बारकाईने वाचला, कारण त्यांच्यामागे सभा होत्या.

एक गोष्ट मात्र या साधनांत अजून येत नाही, ती म्हणजे निर्णय होण्याआधीची. जीआर हा झालेला निर्णय आहे, आणि विधेयक अनेकदा मांडल्या अधिवेशनातच संमत होते. संसदेत थोडी बरी सोय झाली आणि तिला लातूरचा धागा आहे. चाकूरचे शिवराज पाटील लोकसभेचे अध्यक्ष असताना १९९३ मध्ये खातेनिहाय स्थायी समित्या आल्या आणि १९९४ पासून प्रश्नोत्तराचा तास दूरदर्शनवर थेट दिसू लागला. राज्यात विधेयक संयुक्त समितीकडे जाणे हा अपवादच. जनसुरक्षा विधेयक असे गेले, तेव्हा बारा हजारांवर सूचना-हरकती आल्या आणि जुलै २०२५ मध्ये ते काही दुरुस्त्यांसह संमत झाले. मसुदा वेळेवर उघडा ठेवला तर लोक वाचतात आणि लिहितातही, हे त्यातून सिद्ध झाले. मागणी करायचीच असेल तर नव्या ॲपची करू नये; प्रत्येक विधेयकाचा मसुदा मांडण्याच्या महिनाभर आधी मराठीत संकेतस्थळावर यावा, ही करावी. आणि ग्रामसभा वर्षातून किमान चार असतात. त्यांतल्या पुढच्या सभेला गावच्या एका कामाचे मस्टर छापून न्यावे आणि नावे मोठ्याने वाचावीत.