फुलथ्रू, चिंदी आणि नऊ नंबरची बाटली

शेतीसंरक्षणाचा किंवा नेमबाजीचा परवाना मिळून पहिली बंदूक घरी आली की सफाईच्या सामानासाठी पुन्हा दुकानाची पायरी चढावी लागते. समोर गज, पितळी ब्रश, कापडाचे तुकडे आणि तीन-चार बाटल्या येतात. नवा मालक गोंधळतो आणि सगळ्यांत महागडा संच उचलतो. या वस्तू एका वेळी, एका कारणासाठी जन्मलेल्या नाहीत. दारू बदलली तसा नळीतला मळ बदलला आणि प्रत्येक नव्या मळावर नवा उतारा शोधावा लागला. हे कुळ ठाऊक असेल तर निवड सोपी होते.

मूळपुरुष ठासणीचा गज. सोरा, कोळसा आणि गंधक यांची काळी दारू जळाली की तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपात मागे उरतो. त्यातले क्षार हवेतला ओलावा ओढतात आणि लोखंडाला गंज चढतो. पण हेच क्षार पाण्यात विरघळतात. म्हणून ज्या गजाने दारूगोळी ठासायची, त्याच्याच टोकाला चिंधी गुंडाळून गरम पाण्याने नळी धुवायची, खडखडीत कोरडी करायची आणि तेल लावायचं, अशी रीत पडली. कोकणात अजूनही ठासणीच्या बंदुका आहेत. त्यांना आजही हीच रीत पुरते.

१८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएय यांनी धूर न करणारी दारू बनवली. १८८९ मध्ये ब्रिटनमध्ये कॉर्डाइट ही तशीच दारू आली. तोवर काडतूस मागच्या बाजूने भरलं जाऊ लागलं होतं, त्यामुळे ठासायला गज नको होता. ली-मेटफर्ड आणि पुढे ली-एनफिल्ड रायफलीच्या दस्त्यातल्या कप्प्यात तेलाच्या कुपीसोबत एक गुंडाळलेली दोरी मावली. तिच्या एका टोकाला पितळी वजन, दुसऱ्या टोकाकडे कापड अडकवायचे फास. वजन मागून नळीत सोडायचं आणि तोंडातून दोरी सरळ ओढून घ्यायची. ‘सरळ’ हा शब्द महत्त्वाचा. दोरी तिरकी ओढली तर नळीच्या तोंडाशी घासून चर पडतो आणि नेम बिघडतो.

ही दोरी, म्हणजे इंग्रजांचा ‘पुल-थ्रू’, आपल्या पलटणींत ‘फुलथ्रू’ झाली आणि तिच्या कापडाला ‘चिंदी’ म्हणू लागले. एनसीसीच्या मुलांना आजही मापं शिकवतात: सफाईची चिंदी ४ × २ इंच, तेलाची ४ × १½ इंच. पहिली घट्ट बसून मळ पुसते, दुसरी थोडी सैल असल्याने तेलाचा पातळ थर मागे ठेवते.

एक कोडं मात्र बरीच वर्षं छळत राहिलं. रायफल पुसून, तेल लावून ठेवली तरी काही दिवसांत नळीत गंज दिसे. दोष नव्या दारूवर गेला. खरा गुन्हेगार काडतुसाच्या टोपीतलं पोटॅशियम क्लोरेट होतं. स्फोटानंतर त्याचं पोटॅशियम क्लोराइड होतं, म्हणजे मिठाचाच भाऊ. तेलात हे मीठ विरघळत नाही, तेलाच्या थराखाली बसून ते लोखंड खातं. अमेरिकेच्या ब्युरो ऑफ माइन्समधल्या विल्बर्ट हफ यांनी हे उलगडून दाखवलं. त्याआधीच ब्रिटिश सैनिक नरसाळ्याने नळीत उकळतं पाणी ओतत होते. अनुभवाने सापडलेला उतारा रसायनशास्त्राने बरोबर ठरवला. १९२०च्या दशकात गंज न आणणाऱ्या टोप्या बाजारात येऊ लागल्या.

बाटलीचं घराणं वेगळं. वेगवान गोळ्यांच्या आवरणाचा धातू नळीच्या आट्यांत चिकटू लागला, त्याला पाणी काय करणार? १९०३ मध्ये फिलाडेल्फियात फ्रँक ऑगस्ट होप्पे यांनी एक द्रावण तयार केलं, होप्पेज नंबर नाइन. त्यातल्या अमिल अ‍ॅसिटेटचा केळ्यासारखा वास जगभरच्या नेमबाजांच्या ओळखीचा आहे. अमोनिया असलेली द्रावणं तांबं विरघळवतात. चिंदी निळसर-हिरवी बाहेर आली की नळीत अजून तांबं आहे असं समजायचं.

या साध्या सामानाची किंमत व्हिएतनाममध्ये कळली. सुरुवातीच्या एम-१६ रायफली पुरेशा सफाई-संचांशिवाय आणि शिक्षणाशिवाय सैनिकांच्या हाती गेल्या. त्यात काडतुसाची दारू बदललेली, आणि काडतूस बसतं त्या खोबणीला क्रोमचा मुलामा नव्हता. ऐन लढाईत रायफली अडकल्या, जीव गेले. १९६७ मध्ये अमेरिकी संसदेच्या उपसमितीने चौकशी केली. मग संच पोहोचले, मुलामा आला आणि विल आयस्नर यांच्या चित्रांची देखभाल-पुस्तिकाही निघाली.

म्हणून नव्या मालकाने दुकानदाराला आधी आपली बंदूक आणि काडतूस सांगावं. काळी दारू असेल तर गरम पाणी आणि तेल. जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपीत क्लोरेट असू शकतं, तिथेही आधी पाणी. आधुनिक काडतूस असेल तर आपल्या नळीच्या मापाचा पितळी ब्रश, एकसंध गज किंवा फुलथ्रू, सुती चिंद्या, एक द्रावण आणि एक चांगलं तेल. गज शक्यतो मागून घालावा, म्हणजे नळीचं तोंड झिजत नाही. आणि या सगळ्याआधी बंदूक रिकामी करून, पुन्हा डोळ्यांनी व बोटांनी तपासून, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवावीत. त्या सवयीला पैसे पडत नाहीत, आणि तिची जागा दुकानातली कुठलीही वस्तू घेऊ शकत नाही.